झटका आणि सवय : धमनीविकाराच्या आख्यानाचा इतिहास

१

मराठी वर्तमानपत्रांतील निधनवार्तांची एक ठरीव भाषा असते. ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’ हे त्या भाषेतील एक अतिपरिचित वाक्य. इतके परिचित, की ते वाचताना आपण थांबत नाही. पण क्षणभर थांबून पाहिले, तर या वाक्याचा सारा भार ‘झटका’ या एका शब्दावर असल्याचे ध्यानात येते. झटका बाहेरून बसतो, एका क्षणात बसतो, आणि ज्याला बसतो त्याचा त्यात काही हात नसतो. वाक्य उच्चारताच माणसाच्या आदल्या तीस वर्षांवर पडदा पडतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी बावन्नाव्या वर्षी असाच गेला. दुसऱ्या दिवशी शिक्षक-कक्षात दोन सूर ऐकू आले. पहिला होता, ‘वेळ आली होती, दुसरे काय!’ दुसरा होता, ‘सवयीच तशा होत्या हो; दिवसाला पाकीटभर सिगारेटी, येता-जाता वडापाव, जाग्रणे!’ प्रस्तुत लेखकाने त्या दिवशी दुसऱ्या सुरात सूर मिसळला होता. तो सूर आधुनिक, विज्ञाननिष्ठ वाटत होता. पहिला दैववादी आणि जुनाट. पुढे या विषयाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा आपण त्या दिवशी नेमके काय बोललो याची टोचणी लागली. दैवाकडून सवयीकडे हा प्रवास वैद्यकाने फार कष्टाने केला आहे, आणि तो सवयीपाशी थांबलेला नाही. त्या प्रवासाचे एक वाचन येथे करावयाचे आहे. साहित्याच्या अभ्यासकांना त्यात रस वाटावा, याचे कारण हा मूलतः कथनाच्या बदलाचा इतिहास आहे : एका रोगाची गोष्ट कोठून सुरू करायची आणि तिचा कर्ता कोण, या प्रश्नाचा.

२

हा रोग आधुनिक नाही. इजिप्त, पेरू, नैर्ऋत्य अमेरिका आणि अलास्काजवळची अल्यूशियन बेटे येथील १३७ प्राचीन ममींची क्ष-किरण तंत्राने केलेली तपासणी २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे एकतृतीयांश देहांच्या धमन्यांत काठिण्याची निश्चित वा संभाव्य चिन्हे आढळली. धमनीच्या अस्तरात साचणाऱ्या या थराला पाश्चात्त्य वैद्यक ‘अथेरोमा’ म्हणते. ग्रीक भाषेत त्या शब्दाच्या मुळाशी पेज किंवा लापशी आहे. शवविच्छेदन करणाऱ्यांना गाठ कापल्यावर आत जे मऊ, पिवळसर द्रव्य दिसले, त्याला त्यांनी स्वयंपाकघरातला शब्द दिला. रोगाच्या नावातच अन्न होते. अन्नाचा संबंध लक्षात यायला मात्र फार काळ जावा लागला.

छातीतल्या विशिष्ट वेदनेचे पहिले सुस्पष्ट वर्णन विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरने १७६८ मध्ये वाचलेल्या निबंधात केले. चालताना, विशेषतः चढ चढताना, छाती आवळली जाते आणि थांबताच वेदना निवते, हे त्याने नेमके टिपले. पण कारण त्याला ठाऊक नव्हते. कारणाचा संशय आला तो एका शिष्याला, आणि त्या शिष्याने मौन पाळले. प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर या वेदनेने ग्रस्त होता. देवीच्या लशीमुळे पुढे अमर झालेला एडवर्ड जेन्नर हा त्याचा विद्यार्थी. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनावरून हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतच दोष असावा, असे जेन्नरला वाटू लागले होते. परंतु हे जाहीर केले तर गुरूला आपले भविष्य कळेल, म्हणून तो गप्प राहिला. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या एका सभेत वादावादी होऊन हंटर कोसळला आणि गेला. आपला जीव कोणाही चिडवणाऱ्याच्या हाती आहे, असे तो स्वतःच म्हणत असे. विच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्या कठीण झालेल्या आढळल्या. जेन्नरच्या मौनात केवळ गुरुभक्ती नव्हती. निदान सांगून करायचे काय, हा प्रश्नही होता. ज्यावर उपाय नाही ते ज्ञान त्या काळी केवळ शाप ठरले असते.

पुढील दीड शतकभर धमन्यांचे काठिण्य म्हणजे वार्धक्याचे दुसरे नाव, अशीच समजूत राहिली. सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय आनिच्कोव याने १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत तसेच थर निर्माण करून दाखवले. पण ससा शाकाहारी प्राणी, त्याचा दाखला माणसाला कसा लावावा, म्हणून या प्रयोगाकडे बराच काळ फारसे लक्ष दिले गेले नाही. उच्च रक्तदाबाची कथा तर भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. ज्या रक्तदाबाचे कारण सापडत नाही त्याला ‘इसेन्शियल’, म्हणजे आवश्यक, असे विशेषण लागले. वय वाढले, नळ्या कठीण झाल्या, की रक्त पुढे ढकलण्यासाठी दाब वाढणे शरीराला आवश्यकच असते, ही समजूत त्या नावात गोठून राहिली होती. नाव पडले की प्रश्न मिटतो. जे आवश्यक आहे ते कमी कशाला करायचे?

या समजुतीचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता. रूझवेल्ट सिगारेट ओढत, महायुद्धाचा भार वाहत होते, आणि त्यांचे अधिकृत वैद्य जनतेला प्रकृती उत्तम असल्याचे सांगत होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. अखेरच्या घटकेचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला. त्यांच्या वैद्याने मात्र हा मृत्यू निरभ्र आकाशातून वीज पडावी तसा आल्याचे सांगितले. आपल्या निधनवार्तेतला ‘झटका’ तो हाच. कागदावरचे आकडे वर्षभर आधी वेगळी गोष्ट सांगत होते. ती गोष्ट म्हणून वाचण्याची दृष्टी अजून घडलेली नव्हती.

३

ती दृष्टी ज्या गावात घडली त्याचे नाव फ्रेमिंगहॅम. रूझवेल्ट यांच्यानंतर अध्यक्षपदी आलेल्या ट्रुमन यांनी १९४८ च्या जूनमध्ये राष्ट्रीय हृदय कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील या छोट्या गावात ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंदणी सुरू झाली. तीस ते बासष्ट वयोगटातील ही माणसे आजारी नव्हती, हे महत्त्वाचे. दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचे, त्यांच्या सवयी आणि रक्तदाब-कोलेस्टेरॉल यांची नोंद ठेवायची, आणि वाट पाहायची. वैद्यकाची कथा तोवर रुग्ण दारात आल्यावर सुरू होत असे. येथे ती अनेक वर्षे आधी, साध्या दिवसांपासून सुरू झाली. शोकांतिकेची जागा कादंबरीने घ्यावी तसा हा बदल होता. शोकांतिकेत एक निर्णायक क्षण असतो. कादंबरीत न्याहारी, जिने, पगार, शेजारी आणि त्यांतून हळूहळू घडत गेलेले माणूस असते.

थॉमस डॉबर, विल्यम कॅनेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच ‘जोखमीचे घटक’ हा शब्दप्रयोग होता. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान. पुढे मधुमेह, स्थूलता, बैठे जीवन अशी ही यादी वाढत गेली. आज हा शब्द इतका घासला गेला आहे, की त्यातील तात्त्विक धाडस जाणवत नाही. ‘कारण’ म्हटले की कार्य अटळ असते. ‘जोखीम’ म्हटले की फक्त शक्यता असते : सिगारेट ओढणारा एखादा नव्वदीपर्यंत जगतो, न ओढणारा पन्नाशीत जातो, आणि तरीही सिगारेटचा दोष सिद्ध होतो. प्रत्येकाच्या घराण्यात असा एक नव्वदीचा आजोबा असतो, आणि गप्पांत त्याचा दाखला दिला जातोच. ते आजोबा खरे असतात. पुरावा म्हणून मात्र ते पुरे पडत नाहीत.

रोगाची गोष्ट किती आधी सुरू होते हे १९५३ मध्ये आणखी स्पष्ट झाले. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. सरासरी वय अवघे बावीस; आणि तरीही त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश जणांच्या हृदयधमन्यांत विकाराची दृश्य चिन्हे होती. ज्याला आपण झटका म्हणतो, तो अशा प्रकारे दोन-तीन दशके लिहिल्या जात असलेल्या मजकुराचा केवळ शेवटचा पूर्णविराम ठरला. कित्येकदा असे होते, की धमनीतील थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि प्रवाह काही मिनिटांत थांबतो. फुटणे क्षणाचे असते; थर वर्षानुवर्षांचा असतो.

दीर्घ कथेचा एक लाभ असा, की ती मध्येच वळवता येते. ब्रिटनमधील सुमारे ३४,००० पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाचा अभ्यास रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये सुरू केला. त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. धूम्रपान चालूच ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, तिशीत सोडणाऱ्यांना सुमारे दहा वर्षे, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनाही सुमारे तीन वर्षे अधिक आयुष्य लाभले. ‘आता या वयात सोडून काय उपयोग’ या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर क्वचितच मिळेल.

४

इथवरचा इतिहास सवयीच्या बाजूने आहे. पण सवय म्हणजे काय? ती कोठून येते? या प्रश्नाकडे वळण्यासाठी लंडनच्या लाल दुमजली बसमध्ये चढावे लागते. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाचा निबंधही १९५३ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आला. लंडनच्या परिवहन सेवेतील सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी त्याने पाहिल्या. चालक आणि वाहक एकाच वर्गातले, जवळजवळ सारख्या पगाराचे, एकाच बसवरचे. फरक एवढाच, की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक पाळीत पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढे. मुंबईत बेस्टची दुमजली बस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो अरुंद जिना सहज डोळ्यांसमोर आणता येईल. वाहकांत हृदयधमनीविकाराचे प्रमाण चालकांहून स्पष्टपणे कमी होते, आणि त्यातून येणारा मृत्यू तर निम्म्याहून कमी.

मॉरिसने पुढे १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांचाही अभ्यास केला. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर अधिक होता. परंतु कंबर बारीक असो की रुंद, चालकांची जोखीम अधिकच राहिली; म्हणजे केवळ जाडीने फरकाचा उलगडा होत नव्हता. या अभ्यासावर आक्षेपही आले. मुळातच जाड वा वेगळ्या प्रकृतीची माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील, हा आक्षेप निराधार नव्हता. तथापि टपालखात्यात सायकलवरून वा पायी फिरणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांच्यातही मॉरिसला तसाच फरक दिसला, आणि नंतरच्या असंख्य अभ्यासांनी शारीरिक हालचालीचे महत्त्व पक्के केले. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते, तिच्या मुळाशी असे अनेक जिने आहेत.

आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण गोष्ट निराळी आहे. वाहक व्यायाम करीत नव्हता. त्याने कोणताही संकल्प सोडला नव्हता. त्याला ही ‘चांगली सवय’ आहे हेही ठाऊक नव्हते. तो तिकिटे फाडत होता. सवय त्याच्या चारित्र्यात नव्हती, ती बसच्या रचनेत होती. पुढे वाहकाविना चालणाऱ्या बसगाड्या आल्या आणि २००५ मध्ये लंडनच्या जुन्या रूटमास्टर गाड्या नियमित सेवेतून गेल्या. जी हालचाल पूर्वी पगारासोबत मिळत होती, ती आता सकाळी उठून, वेळ काढून, बहुधा पैसे मोजून मिळवावी लागते; आणि जो मिळवत नाही तो आळशी ठरतो.

५

श्रमच पुरेसे असते तर पूर्व फिनलंडचे लाकूडतोडे दीर्घायुषी ठरायला हवे होते. अॅन्सेल कीज याच्या सात देशांच्या अभ्यासात, १९५८ पासून, नेमके उलटे दिसले. जंगलात दिवसभर कुऱ्हाड चालवणारे हे पुरुष हृदयविकाराने जितके मरत होते तितके त्या अभ्यासातील अन्य कोणत्याही गटातले मरत नव्हते. थंड प्रदेश, दुभती जनावरे, पावावर लोण्याचा जाड थर, साय न काढलेले दूध, खारवलेले मांस, भाज्या नगण्य, आणि निम्म्याहून अधिक पुरुषांच्या ओठांत सिगारेट. युद्धातून सावरलेल्या त्या गरीब प्रांताला लोणी ही चैन नव्हती. भूक मागे टाकल्याची ती खूण होती. अशा माणसाला लोणी सोड म्हणणे म्हणजे त्याच्या स्मृतीशी भांडणे होते.

उत्तर कारेलिया प्रांतातील लोकप्रतिनिधींनी १९७१ मध्ये सरकारकडे निवेदन दिले : आमची माणसे मरत आहेत, काही करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि त्याची धुरा सत्तावीस वर्षांच्या पेक्का पुस्का याच्याकडे आली. त्याच्या लवकरच ध्यानात आले, की लोकांना काय करावे हे सांगून भागत नाही. बहुतेकांना ते ठाऊकच असते. मग मार्था या जुन्या गृहिणी संघटनेच्या स्त्रिया पुढे आल्या. गावोगाव पंगती झाल्या, नेहमीचेच पदार्थ कमी मीठ आणि अधिक भाज्या घालून रांधले गेले. मांस-कारखान्यांना सॉसेजमधील चरबी व मीठ कमी करण्यास राजी केले गेले. दुग्धव्यवसायाने आधी कडवा विरोध केला. पुढे कमी स्निग्धांशाचे दूध बाजारात रुळले. तेथील हवामानात तगेल अशा मोहरीवर्गीय तेलबियांची लागवड वाढली, दुग्धव्यवसायावर जगणाऱ्या काही शेतकऱ्यांनी बेरीची फळशेती धरली. गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धा लागल्या. धूम्रपानाविरुद्ध कायदेही झाले.

सुमारे पस्तीस वर्षांनी, कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयधमनीविकाराने होणारे मृत्यू त्या प्रांतात ८० टक्क्यांहून अधिक घटले होते. या यशावरही शंका घेतल्या गेल्या आहेत आणि त्या नोंदवणे न्याय्य होईल. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटले, तेव्हा श्रेय प्रकल्पाचे किती आणि बदलत्या काळाचे किती, हा वाद आहे. नव्या औषधोपचारांचाही त्यात वाटा आहे. पण घट झाली, आणि तिचा मोठा भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब व धूम्रपान यांच्या उतरणीशी जुळतो, याबद्दल फारसे दुमत नाही. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे आपली म्हण सांगते. कारेलियात ती जिवंतपणी गेली. मात्र एकेकाची वेगळी नाही, सगळ्यांची मिळून गेली.

६

हे सारे परदेशी झाले. आपल्याकडे काय, हा प्रश्न वाचक विचारील. मुंबईत पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी असलेले एस. एल. मल्होत्रा यांनी भारतभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्युनोंदींचा अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. दक्षिण भारतीय कर्मचाऱ्यांत या विकाराने होणारे मृत्यू पंजाबातील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट होते. आणि स्निग्ध पदार्थांचे सेवन मात्र पंजाबात कितीतरी अधिक, तेही प्रामुख्याने दूधतुपातून. मल्होत्रांनी त्यातून काढलेली सर्व अनुमाने टिकली नाहीत, आणि तुपाला निर्दोषत्वाचा दाखला म्हणूनही हा अभ्यास वाचता येत नाही. एक धडा मात्र त्यातून मिळतो : फिनलंडची संहिता जशीच्या तशी येथे लावता येणार नाही. संदर्भ बदलला की सवयीचा अर्थही बदलतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी हा धडा एका छायाचित्रातून जगापुढे ठेवला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन शेजारी शेजारी उभे असलेले दिसले. उंची-वजनाच्या गुणोत्तराने काढलेला निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३, शरीरातील चरबी मात्र यडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बालकांच्या अभ्यासातून त्यांना हेही दिसले, की आपली बाळे वजनाने लहान असूनही तुलनेने चरबी राखून जन्मतात. आईच्या पोषणाचा, म्हणजे मागच्या पिढीच्या ताटाचा, हिशेब बाळाच्या देहात उतरतो. मग सवय कोणाची? जन्माआधीच जी लिहिली गेली तिचा दोष कोणाच्या माथी मारायचा?

बावन्न देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाच्या आधारे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, ज्याचे प्रथम लेखक नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले होते, दक्षिण आशियातील माणसांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो असे दिसले : सरासरी वय ५३, इतरत्र ५८.८. कारण काही गूढ वंशदोष नव्हता. तेच परिचित घटक आपल्याकडे लवकर वयात जमा होतात. माझ्या सहकाऱ्याचे वय बावन्न होते.

७

या साऱ्या इतिहासाला सैद्धान्तिक रूप देण्याचे काम जेफ्री रोझ या ब्रिटिश विचारवंत-वैद्याने १९८५ च्या एका निबंधात केले. त्याने दोन प्रश्न वेगळे केले. या माणसाला हा रोग का झाला, हा एक प्रश्न. या समाजात हा रोग इतका का आहे, हा दुसरा. दोहोंची उत्तरे निराळी असू शकतात. जेथे सगळेच लोणी खातात तेथे लोणी दिसेनासे होते, आणि मग दोन व्यक्तींतील फरक आनुवंशिकतेने समजावला जातो. शिवाय, फार मोठी जोखीम असलेले लोक थोडे असतात. थोडी जोखीम असलेले असंख्य असतात, आणि बहुतांश मृत्यू त्या असंख्यांतून येतात. म्हणून सर्वांची जोखीम किंचित उतरवणे हे मूठभरांना घाबरवण्यापेक्षा अधिक जीव वाचवते. लंडनमधील सरकारी नोकरांच्या अभ्यासात तर असे दिसले, की सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांत या विकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक आहेत, आणि धूम्रपान, रक्तदाब इत्यादी परिचित घटक त्या फरकाचा काही भागच उलगडतात. उरलेला भाग श्रेणी या शब्दातच कोठेतरी दडलेला आहे.

आपल्याकडेही जे मोठे बदल झाले ते अशाच मार्गाने. डालडा या नावाने घरोघरी गेलेल्या वनस्पती तुपाचे उदाहरण घ्यावे. द्रव तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले धमन्यांना अत्यंत घातक असतात, हे डबा विकत घेणाऱ्या गृहिणीला कळण्याचा मार्गच नव्हता. अन्न-मानक प्राधिकरणाने तेल-तुपातील त्यांची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर अमलात आली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. अंमलबजावणी किती झाली हे प्रत्येक पानटपरी सांगेलच. परंतु दिशा तीच.

मग व्यक्तीने काही करू नये काय? असा अर्थ कोणी घेऊ नये. तंबाखू सोडणे, दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ, भाज्या-फळे-डाळी-कडधान्ये अधिक आणि तळण कमी, रोजचे चालणे, पुरेशी झोप, तिशीनंतर रक्तदाब व साखर तपासून घेणे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध मध्येच न सोडणे, ही यादी आज बऱ्याच अंशी निर्विवाद आहे. आणि सवय मोडण्याची कला आपल्या परंपरेला अपरिचित नाही. चरकसंहितेत आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त अंगवळणी पडलेली अपायकारक गोष्ट एकदम न टाकता चतुर्थांशाने, टप्प्याटप्प्याने सोडावी, असे सांगितले आहे. त्या ग्रंथकारांना कोलेस्टेरॉल ठाऊक नव्हते. माणूस ठाऊक होता. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ अनेकांनी शिकवला असेल. एका माणसाने वजन उतरवण्याचा संकल्प सोडावा आणि तो साऱ्या चाळीचा विषय व्हावा, यातला विनोद आपण नेहमी दाखवून देतो. कारेलियाचा इतिहास वाचल्यानंतर त्यात एक सत्यही दिसू लागते. ताट एकट्याचे नसते. ते चाळीचे असते. चाळ सल्ले देते तेव्हा उपास फसतो. चाळीचे ताटच बदलले असते तर?

८

शेवटी पुन्हा त्या शिक्षक-कक्षाकडे. आमचा तो सहकारी सतरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होता. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्यात, संध्याकाळी शिकवणी. मधला प्रवास लोकलमध्ये उभ्याने. दोन तासांच्या मधल्या वीस मिनिटांत स्टेशनबाहेर जे मिळे ते तो खाई, आणि ते स्वस्त असावे लागे. सुट्टीत मानधन नसे, म्हणून सुट्टीत तो उत्तरपत्रिका तपासायला आणखी दूर जाई. सिगारेट तो ओढत होता हे खरे. ती सोडण्याबद्दल आमच्यापैकी कोणी त्याला गांभीर्याने विचारल्याचे मला आठवत नाही. बाहेर टपरीवर त्याला सोबत मात्र आम्ही करीत असू.

‘सवयीच तशा होत्या’ या वाक्याचा कर्ता मी त्या दिवशी चुकीचा ठरवला होता. त्या सवयी त्याच्या होत्या, तशा त्या वेळापत्रकाच्या होत्या, मानधनाच्या होत्या, आणि टपरीवर शेजारी उभे असणाऱ्या आमच्याही होत्या. दैवाची जागा सवयीला देऊन वैद्यकाने माणसाच्या हाती काही सोपवले, हे फार मोठे काम झाले. त्या सवयीला केवळ माणसाचा दुर्गुण ठरवून आपण ते काम उलटे फिरवतो. आता आमच्या कक्षात दुपारी दोन वाजता सर्वांचे डबे एकत्र उघडतात, आणि तासिका तत्त्वावरच्या तरुण शिक्षकांचे सलग तास लागू नयेत म्हणून वेळापत्रक करताना भांडण होते. हे फार थोडे आहे. पण ‘झटक्याने निधन’ हे वाक्य छापले जाण्याच्या तीस वर्षे आधी ते खोडायला सुरुवात करायची असते, आणि खोडणारा हात एकाचा असून भागत नाही, एवढे मला या इतिहासाने शिकवले.